समेआधीचे मोकळे घर

श्री. मधुकर कासारे यांना मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते कारखान्याची नोटीस गात होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. उल्हासनगरच्या एका मराठी साप्ताहिकात मी नुकताच लागलो होतो. बातम्या लिहिणे, मुद्रिते तपासणे आणि अंक छापून झाला की गठ्ठे बांधणे, ही तिन्ही कामे माझ्याकडे होती. अंबरनाथच्या एका यंत्रांच्या कारखान्यात कामगारांचे स्नेहसंमेलन होते आणि त्याचा दहा ओळींचा मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मी मागच्या रांगेत वही घेऊन बसलो. नाच झाले, एक नाटुकले झाले. मग फिटर म्हणून काम करणारे एक किरकोळ अंगाचे गृहस्थ पेटी पुढे ओढून बसले आणि म्हणाले, “आधी दहा मिनिटं खरा दरबारी ऐकायचा. मग गंमत. खरा नको असेल तर गंमतही नाही.”

कामगारांना हा करार माहीत असावा. कुणी शिटी वाजवली नाही. दहा मिनिटे त्यांनी दरबारी कानडा गायला. मला गाण्यातले फारसे कळत नव्हते, आजही कळत नाही. पण तेवढा वेळ सभागृहात त्या गाण्याखेरीज फक्त पंख्यांचा आवाज होता एवढे आठवते. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला, कानाच्या पाळीला हात लावला आणि त्याच रागात, त्याच गांभीर्याने, विलंबित लयीत सुरुवात केली : “सर्व कामगारांस कळविण्यात येते की...”

पाच मिनिटे गेली. ‘कळविण्यात’वर आलाप झाले. ‘येते’ दोनदा आले आणि परत गेले. ‘की’वर एक लांब मींड निघाली, ती फिरून पुन्हा ‘सर्व कामगारांस’वर येऊन बसली. काय कळविण्यात येते ते शेवटपर्यंत कळले नाही. लोक डोळे पुसत हसत होते. पहिल्या रांगेतले अधिकारीही हसले, जरा उशिरा.

‘विनोदी गायक मधुकर कासारे यांनी उपस्थितांना हसवले’ असे मी बातमीत लिहिले. अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून आमच्या कचेरीत आले. आभार मानायला आले असतील असे मला वाटले.

“विनोदी गायक तुम्हीच लिहिलंत ना?”

“हो. मग काय लिहायला हवं होतं?”

“विद्यार्थी. गाण्याचा विद्यार्थी. हसणं हा अभ्यासातला भाग आहे.”

मी म्हणालो, पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो.

“दुरुस्ती कोण वाचतं? पुढच्या वेळी नीट लिहा,” असे म्हणून ते चहा न घेता गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहिताना मी नीट लिहिण्याचा प्रयत्न करत आलो आहे. एकदा ते जमले नाही. आज त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा त्या एका वेळेविषयीच लिहायचे असे मी ठरवले.

मधुकररावांचे वडील अंबरनाथच्या वस्तीतल्या गायनपार्टीत ढोलकी वाजवत. जयंतीच्या दिवसांत ही पार्टी उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरपर्यंत भीमगीते गात फिरे, आणि लहानपणी मधुकरराव त्या पार्टीत टाळ धरत. ताल त्यांच्या हातात असा घरूनच आला. कारखान्यात लागल्यावर, वयाची तिशी ओलांडल्यावर, त्यांना ख्याल शिकावासा वाटला. बदलापूर गावात आठल्येबुवा राहत. कार्यक्रमांच्या जाहिराती न करणारे, ध्वनिमुद्रण करू न देणारे, चार विद्यार्थ्यांना घरी शिकवणारे हे वयस्कर गवई. मधुकरराव त्यांच्या ओसरीवर जाऊन उभे राहिले. ती भेट त्यांनी मला अनेकदा सांगितली आहे.

“कुठून आलास?” बुवांनी विचारले.

“अंबरनाथहून.”

“ते असू दे. गाण्यात कुठून आलास?”

“ढोलकीतून.”

“मग अर्धं काम झालं. बस.”

पहिले वर्षभर त्यांचा चहाचा कप ओसरीवर येत असे. दुसऱ्या वर्षी बुवांच्या कन्या सुमतीताई यांनी त्यांना स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. या गोष्टीवर मधुकररावांनी कधी विडंबन केले नाही. मी एकदा मुद्दाम विचारले तेव्हा, “चहा दोन्हीकडे चांगलाच होता,” एवढेच म्हणाले. वस्तीतले मित्रही टोमणे मारत : “काय मधुभाऊ, आता कन्हैयाला पनघटावर अडवताय म्हणे?” त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते, “अडवतो कन्हैयाच. मी फक्त मात्रा मोजतो.”

त्यांच्या विडंबनाची एक वही आहे. तिच्यात बंदिशी आहेत, ओव्या आहेत, आर्या आहेत. नळाला पाणी न येणे हा अंबरनाथच्या गृहिणींचा रोजचा विषय. त्यावर त्यांनी पहाटेच्या रागात बांधलेली चीज अशी : “नलवा में जल नाहीं आयो, ठाडी रही मैं बालटी लिये, भोर भई सब बरतन रीते, कब आवेंगे जलराज पिया.” ही चीज ते इतक्या आर्ततेने गात की, शांतावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणत, “गाऊन झालं असेल तर हंडा घेऊन खाली जा. जलराज आलेत.” कारखान्याच्या उपाहारगृहावरचा श्लोक त्यांनी शुद्ध भुजंगप्रयातात लिहिला होता :

चहाला नसे रंग ना गंध काही
बशी फोडलेली कपा कान नाही
वडा पाहता चेंडुची याद येई
तरी रांग मोठी तिथे रोज राही

हा श्लोक तिथल्याच भिंतीवर लागला तेव्हा वरिष्ठांनी चौकशी केली. मधुकररावांनी कबुली दिली आणि वर सांगितले, “गण मोजून बघा साहेब. एकही मात्रा चुकलेली नाही.” साहेबांनी खरोखर मोजून पाहिले. चहा सुधारला नाही. कप मात्र बदलले.

विडंबनाबाबत त्यांची शिस्त कडक होती. जे स्वतःला गाता येत नाही त्याची थट्टा करायची नाही, हा पहिला नियम. थट्टेआधी मूळ चीज पूर्ण गायची आणि कानाला हात लावायचा, हा दुसरा. एकदा संमेलनात एका अधिकाऱ्यांनी आग्रह धरला की वस्तीत भजन म्हणणाऱ्या एका बेसुऱ्या बाईंची नक्कल करून दाखवा. मधुकररावांनी नकार दिला. “त्या बाईंच्या गाण्यात पकडण्यासारखं काही नाही साहेब. त्यांची नक्कल म्हणजे फक्त त्यांना चिडवणं. ते कुणालाही येतं, तुम्हीच करा.”

माझ्या घरावरचे त्यांचे एक ऋण इथे नोंदवतो. माझ्या वडिलांवर शस्त्रक्रिया झाली होती. ते औषध घेईनात, कुणाशी बोलेनात. मधुकरराव कामावरून सुटून थेट रुग्णालयात आले, उशाची बाटली उचलली, तिच्यावरचा मजकूर वाचला आणि आमच्या वडिलांना रोजच्या पोथीवाचनाची जी चाल ठाऊक होती त्या चालीत हळू आवाजात म्हटले :

बाटली आधी हलवावी । मग दोन चमचे घ्यावी ।
मुलांपासून लपवावी । थंड जागी ॥

वडील इतके हसले की परिचारिका धावत आल्या. “अहो काका, हसवू नका त्यांना, टाके उसवतील!” मधुकरराव म्हणाले, “बाई, तुमचं औषध त्यांच्या पोटात जातंय. दोन टाके गेले तर जाऊ द्या.” टाके शाबूत राहिले. वडिलांनी पुढे प्रत्येक मात्रा ती ओवी म्हणूनच घेतली.

आता त्या एका वेळेविषयी.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये लछूसेठ नावाचे सिंधी कापडव्यापारी होते. गाण्याचे शौकीन. बाजार बंद असलेल्या दिवशी दुपारी त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर कापडाचे तागे बाजूला सारून बैठक होई. मधुकरराव तिथे गात आणि शेवटी विडंबन होई. त्या दिवशी लछूसेठनी फर्माईश केली, “मास्टरजी, वो अपने गुरुजीवाला सुनाओ ना. सब बोलते हैं, आप एकदम डिट्टो करते हो.”

“नहीं सेठ. गुरु का नहीं.”

“अरे साईं, बाहर का कौन है इधर? घर की बात है.”

मधुकरराव आपल्या गुरूंची नक्कल मित्रांत करत असत, बैठकीत कधी केली नव्हती. त्या दिवशी केली. आधी बुवांची एक आवडती बंदिश त्यांनी सरळ गायली, कानाला हात लावला, आणि मग अंगावर एक ताग्याचे टोक शालीसारखे ओढून घेतले. त्याबरोबर समोर बुवा बसले. षड्ज उतरलाय म्हणून तंबोऱ्याकडे पाहणे, पान नसताना चघळणे, सगळे. पण हशा झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. तालाचे आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येते ती सम. गवई आणि तबलजी तिथे एकमेकांना भेटतात. बुवा समेच्या ठीक अलीकडच्या मात्रेवर थबकत. शब्द तोडत, श्वास धरून ठेवत, आपली काही वस्तू याने उचलली असावी अशा नजरेने तबलजीकडे बघत, आणि मग समेवर येत. बुवांना दमा होता हे त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत होते. मधुकररावांनी ती थबक, तो श्वास, ती नजर दर आवर्तनाला दाखवली. माळ्यावरचे लोक लोटपोट झाले. लछूसेठ तर ताग्यावर आडवे झाले.

मी परत येऊन अर्ध्या तासात बातमी लिहिली, कारण पान अडले होते. त्यात एक वाक्य होते : ‘बुवांचे समेपूर्वी अडखळणे तर इतके हुबेहूब की जणू बुवाच अवतरले.’ छापण्याआधी मधुकररावांना विचारावे असे मनात आले नाही. पान अडलेले असले की मनात फार थोड्या गोष्टी येतात.

अंक बदलापूरला पोहोचला. मधुकरराव पुढच्या शिकवणीला गेले तेव्हा बुवा ओसरीवर बसले होते आणि अंक त्यांच्या मांडीवर होता. जे झाले ते मला सुमतीताईंकडून कळले.

“हे तू केलंस?”

“हो, बुवा.”

“लोक हसले?”

“हसले.”

“कुठे हसले?”

“समेच्या अलीकडे.”

बुवांनी अंकाची नीट घडी घातली. “आता यायचं नाही,” म्हणाले.

मधुकररावांची तालीम तेव्हा अर्ध्यावर होती. बुवांकडच्या ज्या बंदिशी इतरत्र ऐकायला मिळत नाहीत, त्या आत्ता कुठे सुरू झाल्या होत्या. दुसरा गुरू करण्याचे त्यांच्या मनात नव्हते आणि ते वयही नव्हते. मी त्यांच्या घरी गेलो आणि माझ्यामुळे हे झाले असे सांगितले. शांतावहिनींनी माझ्यापुढे पाणी ठेवले आणि त्या आत गेल्या. मधुकरराव मात्र शांत होते.

“तुम्ही खोटं काही लिहिलेलं नाही. मी गायलो, लोक हसले, तुम्ही छापलं. ज्यानं त्यानं आपलं काम केलं.”

“तुम्ही माफी मागा. बुवा विसरून जातील.”

“माफी कशाची मागू? नक्कल चुकली असती तर मागितली असती.”

हा ताठा होता की सचोटी, हे मला तेव्हा ठरवता आले नाही. माफी त्यांनी मागितली नाही. पण बुवांची नक्कल पुन्हा कुठेही केली नाही. लछूसेठनी हात जोडले तरी नाही. पुढची सहा वर्षे दर गुरुपौर्णिमेला ते बदलापूरला जात, ओसरीच्या पायरीवर खडीसाखरेची पुडी ठेवत आणि परत येत. सुमतीताई पुडी आत नेत. बुवा विचारत नसत. पण रियाजाआधी खडा तोंडात टाकताना एकदा म्हणाले, “अंबरनाथची दिसतेय. बारीक आहे.” सुमतीताईंनी तो निरोप समजून मला कळवला. मी तो मधुकररावांना सांगितला. पुढच्या वर्षी त्यांनी जाड खडे नेले.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी बुवांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. डावा हात चालत होता, समज पूर्ण होती. अशा अवस्थेत त्यांनी, आयुष्यभर नाकारलेल्या ध्वनिमुद्रणाला मान हलवून होकार दिला. संगीताचे काम करणाऱ्या एका संस्थेचे गृहस्थ यंत्र घेऊन आले. बुवांचे दोन ज्येष्ठ शिष्य गायला बसले. दोघेही सज्जन, सुरेल, कष्टाळू. पहिले आवर्तन समेपाशी आले आणि बुवांनी डावा हात पलंगाच्या फळीवर आपटला. शिष्य थांबले. पुन्हा सुरू केले. पुन्हा हात आपटला. बुवांना त्रास होत असावा असे वाटून पाणी दिले, उशी बदलली. तिसऱ्यांदाही तेच. यंत्रवाले गृहस्थ हताश होऊन म्हणाले की आपण पुढच्या आठवड्यात एकदाच येऊ शकू, त्यानंतर नाही.

सुमतीताईंना पलंगाजवळ बसून एक गोष्ट दिसली होती. हात समेवर नव्हे, दरवेळी तिच्या अलीकडे पडत होता. त्या रिक्षाने आमच्या कचेरीत आल्या. “मधुभाऊंना घेऊन या. तुमच्यामुळे गेले, तुम्हीच आणा.”

पहिली पाळी सुटायच्या वेळी मी कारखान्याच्या फाटकावर उभा राहिलो. मधुकरराव सायकल हातात धरून बाहेर आले.

“सुमतीताईंनी बोलावलंय.”

“बुवांनी?”

“बुवांना बोलता येत नाही.”

“मग बुवांनी नाही बोलावलं.”

आम्ही रस्त्याने काही अंतर चालत गेलो. मी पलंगाच्या फळीची हकिगत सांगितली. ते थांबले. “नेमका कुठे मारतात हात?” मी सांगितले. ते बराच वेळ सायकलची घंटी उगाच घासत उभे राहिले. मग म्हणाले, “तुम्ही हे छापणार?”

“नाही.”

“मग येतो.”

ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो. बुवा तक्क्याला टेकून बसले होते. दोन्ही शिष्य, तबलजी, यंत्रवाले गृहस्थ, सुमतीताई, सगळे खोलीत होते. मधुकररावांनी दारातूनच नमस्कार केला. बुवांनी पाहिले, मान हलवली नाही. मधुकरराव बसले आणि त्यांनी बंदिश सुरू केली. इतर शिष्य गात होते तशीच, सरळ, अदबीने, समेपर्यंत सलग. बुवांचा हात फळीवर आदळला. मधुकरराव थांबले.

सुमतीताई म्हणाल्या, “असं नाही, मधुभाऊ. त्या दिवशी दुकानात गायलात, तसं.”

“ताई, ती नक्कल होती.”

“तीच करा.”

“बुवांच्या समोर?”

“दुसरं कुणाच्या समोर करणार? तुमच्याशिवाय ते कुणी केलेलंच नाही.”

मधुकररावांनी यंत्रवाल्या गृहस्थांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग कानाच्या पाळीला हात लावला. तो हात इतर वेळेपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहिला. खुंटीवरची बुवांची शाल सुमतीताईंनी काढून दिली. ती त्यांनी अंगावर घेतली, तंबोऱ्याकडे नाराजीने पाहिले, गाल हलवले आणि गायला लागले. आवर्तन भरत आले. समेच्या अलीकडे ते थबकले. शब्द तोडला, श्वास धरला, तबलजीकडे चोराकडे पाहावे तसे पाहिले. खोलीत कुणी हसले नाही. बुवांचा डावा हात वर गेला होता. तो त्या रिकाम्या मात्रेत हवेत तसाच राहिला आणि मधुकररावांबरोबर, बरोबर समेवर, खाली आला. आवाज झाला नाही. मग बुवांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

बंदिश पूर्ण झाली. तिच्यामागून आणखी चार झाल्या, सगळ्या शालीसकट, नजरेसकट. यंत्र चालू होते.

गाणे थांबल्यावर सुमतीताई बोलल्या. लहानपणी त्यांनी बुवांना त्यांच्या गुरूंचे एक वाक्य कुणाला तरी सांगताना ऐकले होते : समेच्या आधीचे घर मोकळे ठेवावे, पाहुणा यायचा असतो. बुवांनी ते विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. कान असेल तो घेईल, अशी त्यांची समजूत होती. विद्यार्थ्यांना कान होते. पण त्यांना गुरूंविषयी आदरही होता. म्हाताऱ्या माणसाला धाप लागते ती आपण कशी गावी, म्हणून प्रत्येकाने ती जागा आपापल्या सुराने भरून काढली. अंगणात आल्यावर त्यांच्यातले वडील शिष्य मधुकररावांना म्हणाले, “आम्हाला तो दमा वाटला हो. आम्ही सांभाळून घेत होतो.”

मधुकरराव म्हणाले, “मलाही दमाच वाटला होता. मी सांभाळून घेतलं नाही, एवढंच.”

पण ते अंगणात. त्याआधी खोलीत एक गोष्ट घडली. बुवांनी पलंगाखालची पाटी खुणेने मागितली. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, बराच वेळ घेऊन त्यांनी लिहिले आणि पाटी मधुकररावांकडे वळवली. ‘कळलं होतं?’

खोलीतले सगळे मधुकररावांकडे पाहत होते. होय म्हणणे सोपे होते. शिष्याला गुरूची जागा कळली होती, म्हणूनच त्याने ती जपली. असे म्हटले असते तर सगळ्यांनाच बरे वाटले असते. सहा वर्षे भरून निघाली असती.

“नाही, बुवा,” मधुकरराव म्हणाले. “मला तिथे हसू यायचं. म्हणून लक्षात राहिलं.”

बुवांनी बाहीने पाटी पुसली. पुन्हा लिहिले. या वेळी दोनच शब्द होते. ‘उद्या ये.’

“उद्या दुसरी पाळी आहे,” मधुकरराव म्हणाले. “सकाळी येतो.”

ते गेले. बुवा आणखी तीन वर्षे होते आणि पाळी सांभाळून मधुकरराव जवळजवळ रोज जात राहिले. बुवा फळीवर बोटांनी ताल धरत, चुकले की हात उचलत, बरोबर आले की नुसते बसून राहत. उरलेली अर्धी तालीम अशी झाली. बुवा गेले तेव्हा सुमतीताईंनी ती शाल मधुकररावांकडे दिली. ती त्यांनी अंगावर कधी घेतली नाही. विद्यार्थी गायला बसतात त्या खोलीत ती खुंटीवर असते.

निवृत्तीनंतर ते खरवईला राहायला गेले. तिथल्या दोन खोल्यांत आज बारा-चौदा मुले-मुली शिकतात. त्यांची शिकवण्याची रीत इतरांहून वेगळी आहे. नवा विद्यार्थी आला की ते म्हणतात, “आधी माझी नक्कल कर. कशाचं हसू येतं ते बघ आणि तेवढं सोडू नकोस.” मुले लाजतात, मग करतात, मग फार चांगली करतात. मागच्या महिन्यात एका मुलीने त्यांची हुबेहूब नक्कल केली तेव्हा शांतावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अगं, चष्मा शोधतात ते राहिलं. चष्मा कपाळावर असतो.” मधुकररावांनी कपाळाला हात लावून पाहिला. चष्मा तिथेच होता.

ही हकिगत छापणार नाही, असे मी कारखान्याच्या फाटकाबाहेर त्यांना सांगितले होते. या ग्रंथासाठी मी परवानगी मागितली, ती त्यांनी एका अटीवर दिली. “तो तुमचा ‘अडखळणे’ शब्द तसाच ठेवा. चूक दिसली पाहिजे.” मी तो ठेवला आहे. ते अडखळणे नव्हते. दुरुस्ती कुणी वाचत नाही असे ते म्हणाले होते. म्हणून ही दुरुस्ती नाही, पुढच्या वेळी नीट लिहिण्याचा प्रयत्न आहे.

सत्काराच्या दिवशी ते उत्तरादाखल काय करतील याची मला कल्पना आहे. हा लेख ते खिशातून काढतील, आधी दहा मिनिटे काहीतरी खरे गातील, कानाला हात लावतील आणि मग ‘श्री. मधुकर कासारे यांना’पासून विलंबित सुरू करतील. आम्हा सर्वांच्या शुभेच्छा अगदी शेवटी आहेत, त्यामुळे त्या त्यांच्या गाण्यात कुणाला ऐकू येणार नाहीत. म्हणून त्या इथे स्वच्छ लिहितो. त्याआधी एक ओळ मोकळी सोडली आहे. छापखान्यातल्या मित्रांना विनंती आहे की ती चुकून राहिली असे समजून त्यांनी ती आदराने भरू नये.

 

मधुकरराव, तुमचा श्वास लांब राहो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि तुमच्या खोलीत पुढची पुष्कळ वर्षे तुमची नक्कल होत राहो.